खिंडीपलीकडची कुऱ्हाड

चौदा वर्षं बंद असलेली खिंड ओलांडायची आणि पलीकडच्यांशी व्यापार पुन्हा सुरू करण्यात अर्थ आहे का, ते पाहून यायचं, म्हणून आम्ही तिघं निघालो. मी विणकर, खोऱ्यातले एकुलते एक लोहार असलेले माझे काका आणि खेचरवाली मावशी.

खिंड काकांनीच बंद करवली होती. पलीकडच्या स्वस्त, धारदार कुऱ्हाडींपुढे त्यांची भट्टी विझायला आली होती, म्हणून आमच्या सभेने तिकडच्या मालावर बंदी घातली. मग त्यांनीही आमची लोकर घेणं सोडलं. आता बंदी उठवायचा विषय निघाला, तेव्हा काका म्हणाले, "मी विरोधच करणार. पण आधी डोळ्यांनी बघून येतो."

पाच दिवस नुसता धारदार दगडांचा चढ. सहाव्या दिवशी बर्फाचा उतार लागला. खेचर सहज पार झालं. आम्ही दोराने एकमेकांना बांधून तिरके सरकत होतो. पुढे मावशी, मध्ये मी, मागे काका.

काकांचा पाय सुटला. हिसक्यासरशी मीही घसरले! काकांनी घडवलेली लोखंडी खुंटी माझ्या हातात होती, ती मी बर्फात खुपसली. ती वाकली, निसटली. खाली धुकं. वर मावशीने कमरेची कुऱ्हाड उपसली आणि दोन्ही हातांनी हाणली. पातं रुतलं. दोर ताणला. आम्ही थांबलो!

वर आल्यावर काका बराच वेळ त्या पात्यावर अंगठा फिरवत बसले.

"कुठली गं ही?"

"बंदीच्या आधीची. तिकडची," मावशी ओशाळून म्हणाली.

"लोखंडाला असं पाणी देऊन कणखर करणं मला कधी जमलंच नाही."

पलीकडच्या गावात बायकांनी माझी घोंगडी हातात घेतली ती सोडेचनात. त्यांच्या अंगावर विरलेले पंचे होते. तिथला लोहार मात्र खेचराचे खूर उचलून पाहत होता. "या दगडांतून येऊन एकही नाल निघाला नाही? आमचे तर दुसऱ्या दिवशीच गळतात. कुणी ठोकले?"

काकांनी त्याला दाखवायला तिथेच बैठक मारली.

परतल्यावर सभेत काका उभे राहिले. "बंदी उठवा. माझ्या कुऱ्हाडी खपणार नाहीत, मला ठाऊक आहे. मी नाल करीन."

"आणि उद्या त्यांनी नालही घेतले नाहीत तर?" कुणीतरी विचारलं.

"तर आणखी काही शिकेन. चौदा वर्षं तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी बोथट कुऱ्हाडी चालवल्यात. आता पुरे."

एवढं बोलून काका खाली बसले, आणि सगळ्यांत आधी त्यांनीच हात वर केला.