पान म्हणजे बदाम

"विनायकराव, तहसील!"

चिटणिसांनी पितळी पेल्यातली चिठ्ठी उलगडून नाव वाचलं, आणि उभी राहिली ती एक मुलगी.

वाचनालयाच्या गणपतीपुढं जाजमावर बसलेले सगळे मागं वळले. दत्तात्रयही वळला. मेंढीकोटाच्या स्पर्धेत जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरत. आधीची चिठ्ठी त्याच्या नावाची निघाली होती. आता जोडीला तहसील कचेरीतले विनायकराव येणार, पन्नाशीचे, तपकीर ओढणारे, म्हणून तो जरा सरकून बसला होता. उभी राहिलेली मुलगी वीस-एकवीसची होती. तिच्या मिटलेल्या छत्रीतून पाणी गळत होतं आणि ते कुठं गळू द्यावं हे तिला कळत नव्हतं.

"बाबांना कचेरीतून सुट्टी नाही भेटली," ती म्हणाली. "त्यांच्या जागी मी आली आहे. निर्मला."

चिटणीस श्रीकांतराव गडबडले. "अहो, पण... मुली कशा बसणार?"

"मांडी घालून," कोपऱ्यातून गोदाबाई म्हणाल्या.

गोदाबाई श्रीकांतरावांच्या थोरल्या वहिनी. गणपतीचे दहाही दिवस त्या वाचनालयाच्या कोपऱ्यात बसून आरतीसाठी कापसाच्या वाती वळत. "बायामाणसांनी खेळू नये असं कुठं ठरलंय का? नाही ना? मग वाट पत्ते. मी बसते पोरीजवळ."

वहिनींपुढं श्रीकांतरावांचं कधी चाललं नव्हतं. त्यांनी पत्ते वाटायला घेतले.

निर्मला दत्तात्रयासमोर येऊन बसली. पदर नीट केला, पत्ते उचलले, आणि त्याच्याकडं न बघता म्हणाली, "तुम्हाला येतं ना खेळता?"

हा प्रश्न तो तिला विचारणार होता. "मी शाळेत गणित शिकवतो," तो म्हणाला.

"मग मोजायचं काम तुमचं. खेळायचं माझं."

मेंढीकोट हा चौघांचा खेळ, दोघांविरुद्ध दोघांचा. चारही दश्श्या म्हणजे मेंढ्या, आणि ज्या जोडीकडं मेंढ्या जास्त तिचा डाव. जोडीदाराशी बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. समोरच्याच्या मनात काय आहे ते त्यानं टाकलेल्या पत्त्यावरून ओळखायचं. दत्तात्रय प्रत्येक गेलेला पत्ता लक्षात ठेवी आणि जपून खेळे. निर्मला मात्र हातातला एक्का असा टाकायची, की जणू तो तिला जड झाला होता. दोनदा त्याला वाटलं, मेंढी गेली. दोन्हीदा ती त्यांच्याच जोडीकडं आली.

ते जिंकले. जिंकणाऱ्या जोडीनं दुसऱ्या दिवशी पाच वाजता पुन्हा यायचं होतं.

"म्हणजे उद्या परत यावं लागणार," छत्री उघडत ती म्हणाली.

"यावं लागणार," दत्तात्रय म्हणाला. शनवारा भागातल्या आपल्या खोलीपर्यंत तो पावसात चालत गेला, आणि खोलीत आल्यावर त्याच्या लक्षात आलं की त्याची स्वतःची छत्री वाचनालयातच राहिली होती.

दुसऱ्या दिवशीही ते जिंकले. डाव लवकर संपला, म्हणून चहा झाला. गोदाबाई दोघांच्या मधोमध बसल्या होत्या, पण त्यांचं लक्ष वातीत होतं. निदान तसं दिसत होतं.

"तुम्ही मूळचे इथलेच?" निर्मलेनं विचारलं.

"दापोऱ्याचा. घरची केळीची बाग आहे. आणि तुम्ही?"

"उत्तरेकडच्या सागरचे. आमचे कोणी आजे-पणजे पेशव्यांच्या फौजेबरोबर तिकडं गेले. मग परत का नाही आले, मला मालूम नाही."

"ठाऊक नाही," तो म्हणाला.

"तुम्हाला कसं ठाऊक असणार?"

"नाही, म्हणजे... 'मालूम नाही' असं नाही म्हणत. 'ठाऊक नाही' म्हणतात."

तिनं कप खाली ठेवला. "अस्सं! आणि गोदाकाकू दर वाक्याला 'कायले, कायले' म्हणतात ते?"

"ती आमची बोली आहे. कायले म्हणजे कशाला."

"मग ही आमची."

"कायले भांडता रे पोरांनो?" वातीवरची नजर न काढता गोदाबाई म्हणाल्या, आणि दोघं एकदम हसले.

त्या हसण्यानंतर दत्तात्रयाला वर्गात फळ्यावर गणित मांडताना मधेच थांबायची सवय लागली. मुलं वाट बघत. मग तो फळा पुसून पुन्हा पहिल्यापासून मांडी.

तिसऱ्या दिवशी, पत्ते पिसत असताना, तिनं सहज सांगितलं. "विसर्जन झालं की आम्ही भोपाळला चाललो."

ते साल छप्पनचं. नोव्हेंबरात नवीन राज्य होणार होतं. आजवरची राजधानी नागपूर मुंबई राज्यात जाणार होती आणि नवी राजधानी भोपाळला होणार होती. तिथल्या कचेऱ्यांसाठी आतापासूनच गावोगावची जुनी, जाणती माणसं बोलावली जात होती. बऱ्हाणपुरात चौकाचौकात याच गप्पा चालत, आपण कोणाकडं, मराठीकडं की हिंदीकडं. दत्तात्रय त्या गप्पांत कधी पडला नव्हता. कोणीही कुठंही गेलं तरी तापी इथंच राहणार, असं तो म्हणे. तापीखेरीज आणखी काही इथंच राहावं असं त्याला आज पहिल्यांदा वाटलं.

"कायमचे?" त्यानं विचारलं.

"बदलीवाल्यांचं कायमचं काही नसतं," ती म्हणाली. "सागर, मग खांडवा, मग इथं. आता भोपाळ." मग पत्ते कापायला त्याच्यापुढं ठेवून म्हणाली, "काटा."

त्या दिवशी तो पहिल्यांदा पत्ते मोजायला चुकला. तरीही ते जिंकले, कारण तिनं सांभाळून घेतलं.

आरतीला उभं राहिल्यावर दत्तात्रयानं डोळे मिटले. गणपतीकडं त्यानं परीक्षेपलीकडं कधी काही मागितलं नव्हतं. आज त्यानं मागितली ती जिंकणाऱ्या जोडीला मिळणारी ढाल नव्हती. उद्याचा डाव मिळू दे, एवढंच त्यानं मागितलं. जिंकलं की उद्या होता. हरलं की तिला भेटायला काही कारणच उरत नव्हतं. बाकी तिच्या मनात काय होतं हे त्याला पत्त्यांवरून कळत होतं, पण ते फक्त डावापुरतं.

शेवटून दुसरा सामना लीलाधर आणि देवराम यांच्याशी होता. लीलाधर गांधी चौकातले कापडाचे व्यापारी. मराठी त्यांना सगळं समजे, पण बोलत हिंदीत. देवराम निंबोल्याचे शेतकरी. चेहऱ्यावरची माशी न हलू देता खेळत. दोघांनी मागच्या वर्षी ढाल नेली होती.

डाव अटीतटीचा झाला. दोन मेंढ्या दत्तात्रय-निर्मलेकडं आल्या, एक तिकडं गेली. चौथी, बदामाची, अजून बाहेर पडली नव्हती. ती आली की जिंकलं. तिकडं गेली तर दोन-दोन होणार होत्या, आणि हात त्यांचे जास्त झाले होते. हुकूम केव्हाच संपले होते. प्रत्येकाकडं दोन-दोन पत्ते उरले, आणि खेळायची पाळी निर्मलेची होती.

तिच्या हातात दोन राजे होते, एक बदामाचा, एक चौकटचा. कुठला एक्का गेला आणि कुठला राहिला, हे तिला आठवत नव्हतं. ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दत्तात्रयाला सगळं आठवत होतं. बदामाचा एक्का गेला होता. मेंढी लीलाधरांकडं अडकली होती. बदाम टाकला तर ती त्यांना द्यावीच लागली असती. आणि चौकट टाकली तर देवरामांच्या एक्क्यावर त्यांनी ती अलगद सोडून दिली असती.

पण बोलायचं नव्हतं. तो जाजमाच्या रेघांकडं बघत बसला.

बाहेर पावसाची भुरभुर चालू होती. लोक आरतीसाठी जमू लागले होते. कोणीतरी झांजा हातात घेऊन उगाच एकदा वाजवल्या. श्रीकांतराव म्हणाले, "चला, लवकर. आरती खोळंबलीय."

निर्मला एका राजाला हात लावी, मग दुसऱ्याला.

दत्तात्रयाला ते बघवेना. घरात भावंडं अडून बसली की आई म्हणे, तसंच त्याच्या तोंडून निघून गेलं. "टाका पान."

तिनं चटकन वर पाहिलं. आणि बदामाचा राजा टाकला.

देवरामांनी पत्ता दिला, दत्तात्रयानं दिला, आणि लीलाधरांनी नाइलाजानं बदामाची दश्शी खाली ठेवली. भोवतीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"रुको, रुको!" लीलाधरांनी हात वर केला. "वाह मास्टरजी! पान माँगा और पान आ गया! ये तो सीधा इशारा हुआ."

"इशारा कसला?" दत्तात्रय म्हणाला. त्याला खरंच समजलं नाही.

"हमारे यहाँ इसको क्या कहते हैं?" लीलाधरांनी बदामाच्या राजावर बोट ठेवलं. "पान!"

सगळे हसायला लागले. श्रीकांतरावही हसले. "अहो शेठ, मराठीत पान म्हणजे नुसता पत्ता! ते म्हणाले, पत्ता टाका. बदाम हवा असता तर बदाम म्हणाले असते."

"बोलायचंच कायले?" देवराम हळूच म्हणाले. "पन चाल, पत्ता टाक म्हननं काही इशारा नाही."

"झालं तर मग," श्रीकांतराव म्हणाले. "मेंढी यांची. उद्या शेवटचा सामना..."

"मी बदामच समजले," निर्मला म्हणाली.

लीलाधरांनी राजावरचं बोट उचललं.

"आमच्या घरी पण बदामाला पान म्हणतात. सागरकडं सगळेच म्हणतात. ते पत्ता म्हणाले असतील. ते खोटं नाही बोलत आहेत. पण मी बदाम ऐकलं, आणि म्हणून बदाम टाकला. नाही तर मी..." ती थांबली. "नाही तर मी चौकट टाकत होती."

दत्तात्रयाला वाटलं, तिनं आत्ता, या क्षणाला, गप्प बसावं. तिनं त्याच्याकडं बघितलंच नाही.

श्रीकांतरावांनी गोदाबाईंकडं पाहिलं. गोदाबाईंनी वात वळायची थांबवली होती. "पोरीनं सांगितलं ना? मग तसं," त्या म्हणाल्या. डाव लीलाधरांना गेला.

लीलाधर काही खूश दिसले नाहीत. आरती झाल्यावर प्रसादाचा दराबा, रव्या-तुपाची मिठाई, त्यांनी स्वतः आणून निर्मलेच्या हातावर ठेवला. "बेटी, तू चुप रहती तो हम हार जाते," म्हणाले, आणि खाली मान घालून निघून गेले.

पायऱ्यांवर दत्तात्रयानं तिला गाठलं. गोदाबाई मागं चप्पल शोधत होत्या, आणि बराच वेळ शोधत राहिल्या.

"तुम्ही बोलला नसतात तर उद्या खेळलो असतो आपण," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता.

"खोटं खेळून?"

"खोटं नव्हतं ते. कोणाला कळलं असतं?"

"तुमच्यासमोर बसायचं होतं मला उद्या," ती म्हणाली. "तुम्हाला बघून हसायला नसतं आलं." मग तिनं विचारलं, "तुम्हाला उद्या कशाला खेळायचं होतं?"

आत्ता सांगायला हवं होतं. शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. "ढाल..." तो म्हणाला. "ढाल मिळाली असती वाचनालयाची."

"ढाल," निर्मला म्हणाली. तिनं छत्री उघडली. "बरं. येते मी."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली. पाच वाजता पाय वाचनालयाकडं वळले, आणि चौकात थांबले. आतून पत्ते वाटल्याचा आवाज येत होता. गोदाबाई दारातच बसल्या होत्या.

"इकडं कायले आला?" त्या म्हणाल्या. "तुझा डाव तर संपला."

"काकू, मला..."

"विनायकरावांचं घर राममंदिरामागं. सोयरीक बसते, मी चौकशी केली आहे. आता बोलायचं तेवढं तू बोल. तेही मीच बोलू काय?"

तो निघाला. वाटेत त्यानं कारणं जुळवून पाहिली. शाळेचं काम, विनायकरावांची भेट, निरोप द्यायला आलो. माणूस समोर असतं तोवर आपण कारणं शोधत बसतो, आणि समोर नसलं की कारणांची काही किंमत राहत नाही. हे त्या वयात त्याला माहीत असायचं काही कारण नव्हतं. तरी दारापर्यंत पोचेतो त्यानं सगळी कारणं सोडून दिली.

घरात सामान बांधणं चाललं होतं. गाद्यांच्या वळकट्या भिंतीला लावल्या होत्या. विनायकराव दोरी हातात घेऊन उभे होते आणि निर्मला ट्रंकेत साड्या रचत होती.

"या मास्तर," विनायकराव म्हणाले. "बसायला काही ठेवलं नाही हो. त्या वळकटीवर बसा. काय काम काढलंत?"

"काम काही नाही," दत्तात्रय म्हणाला. तो बसला नाही. "मला निर्मलेला भेटायचं होतं. रोज भेटायचं होतं म्हणून जिंकायचं होतं. काल हरलो. आता कारण नाही, तरी आलो. म्हणजे... तुमची हरकत नसेल, आणि तिची नसेल, तर तिला मागणी घालायला आलो आहे."

एका दमात बोलून त्याचा श्वास संपला. विनायकरावांनी दोरी खाली ठेवली, तपकिरीची डबी काढली, आणि न उघडताच परत खिशात टाकली. "माझं राहू द्या," ते म्हणाले. "तिला विचारा."

निर्मला ट्रंकेपाशी पाठमोरी बसली होती. तिचे हात थांबले होते.

"निर्मला?" तो म्हणाला. नुसत्या नावानं त्यानं तिला पहिल्यांदाच हाक मारली.

ती वळली नाही. तिनं ट्रंकेतली वरची साडी उचलून बाहेर जमिनीवर ठेवली. मग दुसरी. मग तिसरी.

विनायकराव बघत राहिले. "अगं, हे काय करतेस?"

"माझं सामान काढते."

"अगं वेडे, लग्न काय उद्या आहे? तुळशीचं लग्न होऊ दे, मुहूर्त बघू दे, यांच्या दापोऱ्याच्या मंडळींना भेटू दे. तोवर भोपाळला यायचंच आहे ना तुला!"

निर्मलेची मान आणखी खाली गेली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मला मालूम आहे," ती पुटपुटली, आणि एकेक साडी उचलून पुन्हा ट्रंकेत ठेवू लागली, घडी न मोडता, अगदी सावकाश.

दत्तात्रय वळकटीवर बसला आणि बघत राहिला. त्याला आता उठायची घाई नव्हती.