एक्केचाळिसावी तोफ

कर्दळगडाच्या पूर्व बुरुजावर तांबडं फुटलं, तेव्हा खाली गनिमाच्या छावणीत चुली पेटत होत्या, आणि सात महिन्यांच्या वेढ्यानं रोडावलेली गडावरची शिबंदी त्या धुराकडे आशाळभूतपणे पाहत होती. आमच्या तोफांचा गोळा त्या चुलींच्या पाव कोस अलीकडेच पडतो, हे खालच्या आचाऱ्यांनाही ठाऊक होतं.

त्या सकाळी सत्तरीचा नागोजी ओतारी दोर धरून चोरवाटेनं गड चढला आणि किल्लेदार सिधोजीरावांना मुजरा करून म्हणाला, "सरकार, हयातीत चाळीस तोफा ओतल्या. एक्केचाळिसावी आपल्या पायाशी ओतावी म्हणतो. बिदागी नको, तांबं द्या."

किल्लेदारांनी म्हाताऱ्याला शेजारी बसवलं. तोफखान्याचे दारोगा हैबतराव वीस वर्षं तिथं उभेच होते. त्यांच्या पोटात त्या क्षणी जी भट्टी पेटली, तिच्यापुढे नागोजीची भट्टी म्हणजे शेगडी.

गडावरचे हंडे-घागरी वितळवून महिन्याभरात तोफ उभी राहिली. पहिल्या बाराला हैबतरावांनी गोलंदाजांना मागे सारलं. "बार मी भरणार. तोफखाना अजून माझा आहे." आणि त्यांनी दारूचं एक माप घालायचं तिथं तीन ठासली.

नागोजीनं गज आत घालून पाहिला. तो हातभर जास्तच बाहेर राहिला. म्हातारा समजला.

"दारोगासाहेब, रिवाज आहे. पहिल्या बाराला ओतणाऱ्याचा हात तोफेवर, आणि भरणाऱ्याचाही."

वीस वर्षं दुसऱ्यांकडून बार भरून घेणाऱ्या हैबतरावांना रिवाजाचा हा अर्धा भाग आठवलाच नव्हता. "आज मुहूर्त बरा नाही," ते पुटपुटले.

"भरताना हात चुकला असेल तर सांगा," नागोजी हळूच म्हणाला. "रिकामी करू. मी कुणाला बोलणार नाही."

"आणि नाही केली, तर तुम्ही?" हैबतरावांनी विचारलं.

"मी ठेवलाय की हात."

सारा गड म्हाताऱ्याकडे टक लावून होता. मरण एक वेळ सोसलं असतं. ही टक सोसवेना. हैबतरावांनी दोन्ही हात तोफेवर ठेवले.

बत्ती लागली. गोळा चुली ओलांडून, सरदाराच्या डेऱ्याचा खांब उपटून थेट दारूच्या कोठारात शिरला. सरदाराची पगडी उडून आमच्या तटावर येऊन पडली. दुपारपर्यंत वेढा उठला.

किल्लेदारांनी दोघांनाही शेला दिला. हैबतरावांनी आधी नागोजीच्या शेल्याचे काठ न्याहाळले, मग विचारलं, "फुटली कशी नाही?"

"पहिल्याच दिवशी तुमचा चेहरा पाहिला," नागोजी म्हणाला, "आणि तोफेची जाडी चार बोटं वाढवली."

त्या बारानं हैबतरावांचा डावा कान कायमचा गेला. नागोजीचे दोन्ही शाबूत राहिले, हे काही त्यांना मरेपर्यंत पचलं नाही.