चालत्या गाडीत रुसणारा फ्रीज

"थांबलो की गार, निघालो की गरम. म्हाताऱ्याची थट्टा करतोस होय रे?"

आजोबा फ्रीजशी बोलत होते. गोदा बाकावर पाय पोटाशी घेऊन बसली होती, कारण पाय खाली सोडले असते तर ते थेट आजोबांच्या कानाला लागले असते. नावाला ती घरगाडी (चाकांवरचं घर) होती, पण त्यात घर कमी आणि गाडीच जास्त होती. रस्त्यावरच्या इतर गाड्या आपल्या आपण धावायच्या. हिला मात्र अजून स्टिअरिंग होतं आणि शेवाळापासून काढलेल्या तेलावर धडधडणारं इंजिन होतं.

गोदा, आई आणि आजोबांना वर्ध्याहून वेंगुर्ल्याला, मावशीकडे निघून आज तिसरा दिवस होता. मंगळवेढ्याच्या पुढे एका कडुनिंबाखाली ते थांबले होते. बाहेर त्रेचाळीस अंश आणि फ्रीजमध्ये अठरा. त्या फ्रीजमध्ये काचेची एक छोटी बरणी होती आणि बरणीत दोन चमचे विरजण.

ते आजीचं होतं. लग्नात माहेरून आणलेलं. तेव्हापासून ती रोज रात्री दही लावायची आणि सकाळी त्यातलंच चमचाभर पुढच्या दिवसासाठी काढून ठेवायची. महिन्याभरापूर्वी ते थांबलं. घरात सगळे "ते झाल्यापासून" एवढंच म्हणत. काय झाल्यापासून, हे कोणी बोलत नव्हतं. दही लावायचा धीर आजोबांना झाला नाही, आईलाही नाही. हाताला गुण होता तो मावशीच्या. विरजण तिच्यापर्यंत धड पोचलं, तर पुढे चालू राहणार होतं.

वाटेत दूध घेऊन दही लावून टाकू, असं आईने सुचवून पाहिलं. पण हलत्या गाडीत दही लागत नाही, आणि या उन्हात थांबून लावलं तर तोंडात घालवणार नाही इतकं आंबेल, असं म्हणत आजोबांनी मान हलवली.

रस्त्यावरचा मदतनीस यंत्रमानव येऊन गेला होता. पिंपाएवढा होता, पण अदबीने वागला. आपली तार खुपसायला त्याने फ्रीजला सगळीकडे चाचपलं. भोक सापडलं नाही तेव्हा यंत्र जुनं आहे, संवाद शक्य नाही, नवीन घ्यावं, असं सांगून तो गेला. आजोबा म्हणाले, माझ्याबद्दलही लोकांचं हेच मत असतं.

आजोबांची पस्तीस वर्षं अवकाशातल्या दुर्बिणी गार ठेवण्यात गेली होती. आणि आता हा दीड हात उंचीचा फ्रीज ऐकत नव्हता. गोदाला हसू येत होतं, पण बरणीकडे पाहिलं की ते विरत होतं.

"आधी मला सांगा तरी, हा चालतो कसा?" तिने विचारलं.

आजोबांना तेवढंच पाहिजे होतं. ते भिंतीला टेकून बसले. माठातलं पाणी गार का होतं, असं त्यांनी विचारलं. माठ झिरपतो, झिरपलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं, हे गोदाला ठाऊक होतं. या फ्रीजमध्येही तेच होतं. फक्त उडायला पाण्याऐवजी अमोनिया (नाकाला झोंबणारा एक वायू, जो पाण्यात चटकन विरघळतो) होता. खाली अमोनियाचं पाणी तापवायचं. अमोनिया वाफ होऊन नळीतून वर जातो आणि तिथे निवून पातळ होतो. मग फ्रीजच्या आत येऊन पुन्हा उडतो आणि उडताना आतली उष्णता ओढून घेतो. शेवटी पाण्यात परत विरघळतो आणि पहिल्यापासून सुरू.

"म्हणजे तापवून गार करायचं?"

"हो. फिरणारी मोटर नाही, घरघर नाही. तापवायचं कशावर, एवढाच प्रश्न. घरच्या विजेवर, गॅसच्या ज्योतीवर, नाहीतर चालत्या गाडीच्या विजेवर."

गोदाने बोटं मोजली. रात्री मुक्कामाला ज्योत असते. निघताना आजोबा सिलिंडर बंद करतात, कारण धावत्या गाडीत ज्योत ठेवणं धोक्याचं. मग दिवसा राहिली गाडीची वीज. तीच कुठेतरी अडत असणार.

"मग वीज जिथून निघते तिथून चालत येऊ. जिथे दिसेनाशी होईल, तिथे चोर," ती म्हणाली.

आईने पुढे बसून इंजिन चालू ठेवलं. आजोबांनी टेस्टर (वीज असली की लागणारा छोटा दिवा) गोदाच्या हातात दिला आणि कुठे टेकवायचा ते दाखवत गेले. जनित्राशी (इंजिन फिरलं की वीज बनवणाऱ्या यंत्राशी) दिवा लागला. फ्यूजच्या (जास्त वीज आली तर स्वतः वितळून बाकीचं वाचवणाऱ्या तारेच्या) दोन्ही टोकांना लागला. मग रिले आला. इंजिन चालू असेल तेव्हाच फ्रीजकडे वीज सोडणारा हा पहारेकरी, नाहीतर उभ्या गाडीत फ्रीज बॅटरी पिऊन टाकेल. त्याच्या पलीकडेही दिवा लागला. शेवटी फ्रीजच्या पाठीमागे तार जिथे आत शिरते तिथे टेस्टर टेकवला. तिथेही दिवा लख्ख.

चोर सापडलाच नव्हता.

"वीज दारापर्यंत येते," गोदा हळूहळू म्हणाली, "पण दार कोणी उघडत नाही."

ती आत येऊन फ्रीजसमोर बसली. दरवर्षी मे महिन्यात या गाडीतून निघताना काय काय व्हायचं, ते ती डोळे मिटून आठवू लागली. आजोबा सिलिंडर बंद करायचे. दार ओढून घ्यायचे. पुढे बसून इंजिन सुरू करायचे आणि ओरडायचे, "चित्रा, झालं?" मग मागून एक आवाज यायचा. टक. आणि आजी म्हणायची, "झालं, चला."

टक.

फ्रीजच्या तळाशी आजीचा हात पुसायचा पंचा खिळ्याला लटकत होता. निळ्या काठाचा, हळदीचे डाग पडलेला. महिनाभर त्याला कोणी हात लावला नव्हता. गोदाने तो बाजूला सारला. मागे एक गोल खटका होता आणि भोवती तीन चित्रं: घर, ज्योत, गाडी. खटक्याची खूण ज्योतीवर होती. मागच्या सहलीच्या शेवटच्या मुक्कामाला फ्रीज रिकामा झाला होता; तेव्हा आजीच्या बोटांनी जिथे ठेवला, तिथेच.

आजोबा वाकून बघत राहिले. त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"वीस वर्षं गाडी चालवली," ते म्हणाले, "हे काम माझं कधी नव्हतंच."

"मी फिरवू?"

त्यांनी मान डोलावली. गोदाने खटका धरला. तो जरा घट्ट होता. ज्योतीवरून गाडीवर आला तेव्हा आवाज झाला, टक. थोड्या वेळाने मागच्या जाळीला हात लावून तिने पाहिलं. जाळी कोमट व्हायला लागली होती. आईने बरणी उघडून वास घेतला. थोडं आंबलंय, म्हणाली, पण आहे, जिवंत आहे.

तापवूनच गार करायचं, तर बाहेरचं हे ऊन फुकट का घालवायचं, असं गोदाच्या डोक्यात आलं. गाडीच्या टपावर ऊन गोळा करून त्यावरच अमोनिया तापवता येईल. मग खटक्यावर चौथं चित्र काढायचं, सूर्याचं. आजोबा म्हणाले, वेंगुर्ल्याला पोचलो की कागद घेऊन बसू.

पंचा गोदाने परत खिळ्याला अडकवला, पण जरा डावीकडे, खटका दिसेल असा. आजोबा पुढे जाऊन बसले. दार ओढलं. इंजिन धडधडलं. आणि सवयीने, मागे न बघताच, त्यांनी हाक दिली.

"चित्रा, झालं?"

आजोबांचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. आई खिडकीबाहेर बघत होती. मग ती उठली, पुढे जाऊन आजोबांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

"आई गेली, बाबा," ती म्हणाली. "गोदाने केलंय. झालं, चला."