सात नंबरची चादर

बसा, सांगते. फक्त मध्ये काही विचारू नका, मला मग पुढचं सुचत नाही.

माझ्या सासूबाई एकतीस वर्षं दवाखान्यात, पुरुषांच्या वॉर्डात मावशी होत्या. अंग पुसणं, भांडं देणं, चादरी बदलणं. पेशंटचं नाव त्यांनी कधी लक्षात ठेवलं नाही, पलंगाचा नंबर तेवढा ठाऊक. घरीही तीच तऱ्हा. चार मुलगे, त्यांना एक, दोन, तीन, चार. "तिसऱ्या, ताट घे!" हा तिसरा म्हणजे आमचे हे. सासूबाईंपुढे ब्र काढायची कुणाची टाप नव्हती. पण माझ्या बाळंतपणात माझं डोकं मांडीवर घेऊन त्याच बसून होत्या. माझा फार जीव होता त्यांच्यावर.

त्यांची एक सवय होती. कुणी न सांगता एखाद्या पलंगाशी जायच्या, पायथ्याकडून चादर ताणायच्या आणि कोपरे चौकोनी मुडपायच्या. संध्याकाळपर्यंत तो पलंग रिकामा व्हायचा. डॉक्टर चेष्टा करायचे, "मावशी, माझ्या गादीला हात लावू नका बरं का." त्या हसायच्या नाहीत.

त्या गेल्यावर त्यांच्या जागी मी लागले. दुसऱ्या वर्षी ह्यांचं अपेंडिक्स काढलं. सात नंबर मिळाला, पंख्याखालचा. ऑपरेशन छान झालं, काळजीचं काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी वॉर्ड पेंगत होता. फिनेलचा वास, पंख्याची कुरकुर. मी पाण्याचा जग भरून आले, तर सात नंबरच्या पायथ्याशी सासूबाई वाकलेल्या. चादर ताणली... एक कोपरा मुडपला... मग दुसरा...

"आई," मी हळूच म्हणाले, "अहो, हा आपला तिसरा आहे..."

त्यांनी वर पाहिलं नाही. "सात," एवढंच म्हणाल्या. मग तिथे कुणी नव्हतं. कोपरे मात्र मुडपलेले होते.

मी जग खाली ठेवला आणि डोकं चालवलं. ह्या बाई नंबर बघतात, माणूस नाही. शेजारी आठ नंबरला एक मास्तर होते. पाय मोडलेला, बाकी ठणठणीत. उकाड्याने मात्र हैराण.

"मास्तर, तुम्हाला पंख्याखाली घेते. बरं वाटेल."

बिचारे आभार मानत राहिले. ह्यांना आठवर निजवलं, केसपेपर बदलले. सिस्टरला पत्ताही लागला नाही.

सहाच्या सुमाराला मास्तर गेले. बोलता बोलता. डॉक्टर चक्रावले. त्यांचं अंग मीच पुसलं. वाईट वाटलं का? वाटलं ना. पण माझा माणूस वाचला होता, आणि पुन्हा वेळ आली तर हेच करीन, असं तेव्हा मनाशी म्हटलंसुद्धा.

हे घरी आले. टाके सुकले, भूक लागते, कामावर जातात. फक्त मला आता 'अगं' म्हणत नाहीत. 'ताई' म्हणतात, अहो-जाहो करतात. सुट्टीच्या दिवशी दुपारी आडवे झाले की छताकडे बघत अगदी नम्रपणे विचारतात,

"ताई, मी आठवर बरा होतो हो... मला का हलवलंत?"

मी उशाशी बसते. "पंख्याखाली बरं वाटेल, मास्तर," म्हणते.

मग ते डोळे मिटतात.