टेमघरची बंद जीप

"उद्या आईचं वर्षश्राद्ध आहे आणि बाबा मला उंबरठा ओलांडू देत नाहीत," दीपेश म्हणाला. "माझ्या तेलाने आई गेली म्हणतात. तसं असेल तर तसं सांगा. पण खरं काय ते शोधा."

खासगी तपास करणाऱ्या सुकन्या भोईरने वही उघडली. शेजारी तिचा मदतनीस कुमार होता. गाड्यांतलं आपल्याला सगळं कळतं, असा त्याचा जुना गैरसमज होता.

दीपेश फरसाणवाल्यांकडचं तळणीचं तेल गाळून डिझेलमध्ये मिसळायचा. वडिलांची जुनी जीप तीन महिने त्यावर ठणठणीत चालली. मग गेल्या मे महिन्यात, भर दुपारी, दीपेशच्या आईच्या, राहीबाईंच्या, छातीत कळ आली. इस्पितळाकडे निघालेली जीप दोन किलोमीटरवर बंद पडली आणि रिक्षा मिळेपर्यंत सगळं संपलं होतं.

"त्या दिवशीचं तेल वेगळं होतं?" सुकन्याने विचारलं.

दीपेशने मान खाली घातली. "पहिल्यांदाच कोंबडी तळणाऱ्या गाडीवरून आणलं होतं. सकाळी बाबांनी टाकीचं झाकण उघडलं, मी मिश्रण ओतलं. कोंबडीचं त्यांना तासाभराने कळलं, तेव्हा फार भडकले. पण त्याच डब्यातलं माझ्या टेम्पोतही होतं. तो आठवडाभर चालला."

कुमारच्या मते प्रकरण तिथेच मिटलं. तेल घट्ट झालं, फिल्टर तुंबला.

टेमघरच्या घरी दीपेशच्या वडिलांनी, तुळशीरामांनी, पाहुण्यांना बसवण्याआधी खुर्च्यांवर बाटलीतलं पाणी शिंपडलं. वज्रेश्वरीच्या गरम कुंडाचं. देव्हाऱ्याखाली तशा बाटल्यांची रांगच होती, प्रत्येकीच्या तळाशी क्षारांची पिवळट खर.

"नवा पंप असो, शेगडी असो, ह्या पान्याबिगर आमी काय वापरत न्हाय," ते म्हणाले. "कोंबडी आमीबी खातो. पन ती जीप पुनवेला देवीला जाते! तिच्यात ह्यानं तसलं तेल घातलं."

"टाकीच्या झाकणाला कुलूप आहे ना? चाव्या किती?" सुकन्याने विचारलं.

"येकच." त्यांनी कमरेच्या करगोट्याला बांधलेली चावी दाखवली. "आंघोळीलाबी सुटत न्हाय."

पडघ्याचा मेकॅनिक प्रितम भेटताच तक्रारच करू लागला. "मॅडम, मी त्याच दिवशी बोललो, फिल्टर खोलून बघतो. काका बोलले, हात लावू नको. जीप शेडमध्ये बंद. आपण काय करणार?"

"आता खोल," सुकन्या म्हणाली.

शेडमध्ये दीपेश आणि तुळशीराम दोन टोकांना उभे राहिले. प्रितमने फिल्टर उघडला. तळाशी गंजकं पाणी होतं आणि कडेला पिवळट खर. तेलाचा गोळा कुठेच नव्हता. कुमारचा चेहरा पडला.

"तेल थिजतं ते थंडीत, मे महिन्याच्या दुपारी नाही," सुकन्या म्हणाली. "तेच मिश्रण टेम्पोत चाललं. जीपमध्ये जादा होतं ते पाणी. ते डिझेलच्या खाली बसतं आणि इंजिन आधी तेच ओढतं. नळीतलं आधीचं तेल संपेपर्यंत जीप दोन किलोमीटर गेली. पावसाचं म्हणावं, तर पाऊस नव्हता. झाकणाला कुलूप, चावी एकाच कमरेला. आणि अशी खर मी आज सकाळी पाहिली, देव्हाऱ्याखालच्या बाटल्यांत. काका, कोंबडीचं कळल्यावर तुम्ही टाकी शुद्ध केलीत. शिंपडून नाही. बाटली रिकामी करून."

"पण त्यांना कुठे ठाऊक होतं..." कुमार पुटपुटला.

"ओतताना नव्हतं. जीप बंद पडली तेव्हा कळलं. नाहीतर पोराचा दोष सिद्ध करायला त्यांनीच फिल्टर उघडायला लावला असता. त्यांनी तो उघडू दिला नाही."

तुळशीराम जीपच्या पायरीवर बसले.

"मीच मारली तिला, ह्ये घेऊन रोज उठायचं कसं?" ते म्हणाले. "ह्याच्यावर घातलं, तवा उठाया जमलं."

कुमारला आधी म्हाताऱ्याची दया आली आणि मग असा संताप आला की तो शेडबाहेर बघत राहिला.

"दीपेश, उद्या घरी ये," तुळशीराम म्हणाले.

"तेराव्याला मी फाटकाबाहेर उभा होतो, बाबा. आत पंगती उठत होत्या." दीपेशचा आवाज चढला नव्हता. "उद्या येईन. आईला पिंड देईन. जेवायला थांबणार नाही."

आणि वडिलांकडे न बघता तो टेम्पोत जाऊन बसला.