चाळीस दिवसांची खिडकी

दोल्गोरला औषधाचा पहिला डोस दिला, त्या सकाळी उलानबातरमध्ये तापमान उणे अठ्ठावीस होतं. वय अठ्ठावन्न, ट्रॉलीबस चालवून निवृत्त झालेली. इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, आणि चाळीस दिवसांत तिला ते मातृभाषेसारखं यायला हवं होतं.

तिची मुलगी आणि जावई कॅनडात अपघातात गेले होते. मागे राहिलेली सात वर्षांची नोमिन आता कायमची आजीकडे यायची होती. नोमिनला फक्त इंग्रजी येत होतं. भाषांतर करणारी कर्णयंत्रं २०६१ साली कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळत. पण नोमिन फोनवर हुंदके देत बोलायची आणि यंत्र दर वेळी म्हणायचं, ‘अस्पष्ट. पुन्हा बोला.’ आठव्यांदा ते ऐकल्यावर दोल्गोरने यंत्र कानातून काढलं आणि भाषा-संस्था गाठली.

तिथे ओवी चौगुले इंग्रजी शिकवायची. गडहिंग्लजची, एकतीस वर्षांची.

“लहान मूल भाषा शिकत नाही, पितं,” संस्थेच्या मेंदूवैज्ञानिक डॉ. एंखतुया यांनी तिला समजावलं. “त्या वयात मेंदूची एक खिडकी उघडी असते. पुढे पेशींभोवती जाळी घट्ट विणली जाते आणि खिडकी मिटते. आमचं औषध ती जाळी चाळीस दिवस सैल करतं. आम्ही त्याला बालखिडकी म्हणतो.”

“मग मी शिकवायचं काय?”

“शिकवू नका. दिवसभर तिच्याबरोबर राहा. स्वयंपाक करा, बाजारात जा, हसा, रागवा. फक्त इंग्रजीत. आणि आवाज एकच हवा, तुमचा.”

बाराव्या दिवशी दोल्गोर इंग्रजीत म्हणाली, “दूध सांडलं.” विसाव्या दिवशी ती चुकत, अडखळत, पण न थांबता बोलत होती. सव्विसाव्या दिवशी ओवी कोट घालून निघाली, तर तिची बाही धरून दोल्गोर रडू लागली. “नको ना जाऊस!” इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, पण ओवीला ‘तू’च ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी ओवी तडक एंखतुयांकडे गेली.

“मूल ज्या चेहऱ्याकडून भाषा घेतं, तो चेहराही घेतं,” एंखतुया सावकाश म्हणाल्या. “शब्द आणि माया वेगळी करणं त्या मेंदूला जमत नाही. आधीच्या चाचण्यांत शिक्षक रोज बदलायचे. भाषा कच्ची राहायची आणि हेही कधी दिसलं नाही.”

“खिडकी मिटली की जाईल?”

“भाषा राहील तोवर तेही राहील. औषध आज थांबवता येईल. मग दोन्ही अर्धवट.”

औषध थांबवायचं का, हा प्रश्न दोल्गोरला इंग्रजीत विचारणं म्हणजे तान्ह्या पोरीला विचारणं. म्हणून ओवीने एंखतुयांना दुभाषी म्हणून बसवून तो मंगोलियनमध्ये विचारला. मंगोलियनमध्ये दोल्गोर पूर्वीचीच होती, ताठ आणि मिश्कील.

“बग्श,” ती म्हणाली. बग्श म्हणजे गुरू. “तीस वर्षं बस चालवली मी. कुठे वळायचं ते कळतं मला. पोर रडत येणार आहे. मला चालेल. तुम्हाला चालेल का? आयुष्यभराचं आहे हे.”

ओवीला हे कुणीच विचारलं नव्हतं. ती म्हणाली, “चालेल.”

चाळिसाव्या दिवशी नोमिन आली, ती विमानतळावर एक शब्द बोलली नाही. घरी बूट काढताना नाडीची गाठ बसली आणि तिचा बांध फुटला. आईच नाडी सोडायची, आई इथे का नाही, आई थंडीत असेल का, सगळं हुंदक्यांत, अर्धे शब्द गिळून. दोल्गोर खाली बसली. तिला एकेक शब्द कळत होता. तिने पोरीला कुशीत घेतलं आणि त्याच भाषेत बोलत राहिली. तासाभराने नोमिन तिच्या मांडीवर झोपली.

ओवीचा करार त्या दिवशी संपत होता. कोपऱ्यात बसलेली ती हळूच उठली.

“उद्या येशील ना?” दोल्गोरने दबक्या आवाजात विचारलं. मांडीवर नात, आणि डोळ्यांत तिच्याहून लहान पोरीची भीती.

“येईन. उद्याही, परवाही.”

रस्त्यावर येऊन ओवीने गडहिंग्लजला फोन लावला. “आई, मी एवढ्यात परत येत नाही.”

“का गं? कोण आहे तिथे?”

ओवीने विद्यार्थिनी म्हणायला तोंड उघडलं, पण शब्द बाहेर पडेना.

“लेक आहे माझी,” ती म्हणाली. “जरा खाली बस, आई. सगळं सांगते.”