एकाच सुरातली हाक

आमच्या गावात पाहुणे येतात ते एकाच कारणासाठी. थोड्याशा चालीत सगळ्या तऱ्हेचे पक्षी. कड्यावर ससाणे, खालच्या माळावर चंडोल, ओढ्याला खंड्या, आणि ओढा दरीत उतरतो तिथल्या गर्द झाडीत कस्तूर, घुबडं आणि काय काय. आम्ही त्यांना पहाटे उठवतो, चहा पाजतो, फिरवून आणतो. त्यांचे चिखलाचे बूट मी धुते. हातभर लांब लेन्स लावून येतात आणि चंडोलाला चिमणी म्हणतात! मी तोंड उघडायच्या आत वहिनी माझ्या पायावर पाय देते.

दादा होता तेव्हा त्यांना दरीत तो न्यायचा. त्याची युक्ती सोपी. खिशात छोटा स्पीकर. झुडपाआड उभं राहायचं आणि कस्तूराची शीळ वाजवायची, तीच ती, पुन्हा पुन्हा. आपल्या हद्दीत हा कोण उपटला म्हणून खरा पक्षी घरटं सोडून धावत येतो. वेड्यासारखा झुडपाभोवती घिरट्या घालतो, शोधतो, कुणी सापडत नाही. इकडे अंडी गार पडतात आणि यांचे फोटो काढून होतात. यावरून मी दादाशी कितीदा कडाकडा भांडले. "अगं, त्याला काय कळतंय!" म्हणायचा.

मागच्या हिवाळ्यात तो एकटाच दरीत उतरला आणि परत आला नाही. शोधपथकानं दरी पालथी घातली आणि मग हात झटकले. साधा रुमालसुद्धा सापडला नाही. वहिनीनं त्याचा टॉवेल खुंटीवरून काढला नाही, आणि काढ म्हणायची माझी छाती झाली नाही. घरात आम्ही दोघीच उरलो. तिला काही झालं असतं तर मला कुणीच नव्हतं.

हाक पहिल्यांदा तिनंच ऐकली. भर दुपारी, कपडे वाळत घालताना.

"ह्यांचा आवाज आला."

"वारा असेल, वहिनी."

"वारा मला 'अगं' म्हणेल?"

मग मीही ऐकली. दरीकडून, अगदी स्पष्ट. "अगं, इकडे ये जरा. हे बघ काय आहे." आणि शेवटी त्याचं ते घसा खाकरणं. धावत जाऊन कपाट उघडलं. स्पीकर तिथेच होता, चार्जिंग संपलेला. आणि दादाचा आवाज भरून ठेवलाय कुणी? आम्ही पक्ष्यांचे आवाज भरतो, माणसांचे नाही.

दरीत उतरले. दादा, दादा करून घसा सुकवला. कुणी नाही. फक्त एवढंच की त्या झाडीत एकही पाखरू बोलत नव्हतं.

पुढच्या खेपेला हाक ओढ्याकडून आली. मग माळावरच्या गवतातून. वहिनीचं जेवणावरचं लक्ष उडालं. सारखी दारात.

"पाय मोडला असेल गं त्यांचा. सरपटत येतायत बघ, रोज थोडे थोडे."

"वर्ष होत आलं, वहिनी!"

"म्हणून काय झालं?"

त्या संध्याकाळी मी दारात बसून नीट कान दिला. माणूस पुन्हा हाक मारतो तेव्हा आवाज चढतो, वैतागतो. दादा तर पहिल्याच हाकेला वैतागलेला असायचा. इथे मात्र 'ये'वरचा हेल तोच, मधलं थांबणं तेवढंच, खाकरणंही तेच. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

हा दादा नव्हता. दादाला कुणीतरी वाजवत होतं.

मान वर केली तर वहिनी माळ ओलांडून धावत सुटली होती. ती जवळ जाईल तशी हाक मागे सरकत होती, दरीच्या तोंडाकडे.

"वहिनी, मागे फिर! माझ्याकडे ये!" मी जीव तोडून ओरडले. शेवटच्या 'ये'ला आवाज चिरकला.

ती थांबली. पुढे जमीन नव्हती.

ओढतच घरी आणलं तिला. "भाऊ आहे तो तुझा! काळीज आहे की दगड?" म्हणत ती मला मारत होती. मी मारू दिलं. मग आपण कस्तूराला कसं बोलावतो ते एवढंच तिला सांगितलं. तिनं उठून खुंटीवरचा टॉवेल काढला, घडी घातली.

"आता नाही जाणार," ती म्हणाली. "तुझंच ऐकेन."

त्यानंतर दादाची हाक आली नाही. मी मूर्ख, मला वाटलं सुटलो.

परवा सकाळी दाट धुकं होतं. मी मागच्या नळावर बूट घासत होते. दरीकडून कुणी बाई ओरडत होती, किनऱ्या आवाजात. पाहुण्यांतली एखादी वाट चुकली असेल, बोंबलू दे थोडी, म्हणून मी चरफडत घासत राहिले. स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला की परका वाटतो.

'ये' चिरकला तेव्हा कळलं.

स्वयंपाकघरात गॅस बारीक केलेला. कांदा अर्धा चिरलेला. दार उघडं.

हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मी दोन्हीकडून ओरडले तर ती कुणाकडे वळेल?

"वहिनी, मागे फिर! माझ्याकडे ये!" धुक्यातून पुन्हा. तोच हेल, तेच चिरकणं.

आणि खूप खालून वहिनीचं उत्तर. रोजच्यासारखं, जरा हसत.

"आले गं बाई, आले! किती ओरडशील?"

हाक थांबली.

पक्षी समोर आला की स्पीकर आम्हीही बंदच करतो.